माणशी अर्धा एकर

अर्थशास्त्राच्या तासाला ‘अनुदान’ हा शब्द वारंवार कानावर येतो. खर्चाचा काही भाग सरकारने उचलायचा, उरलेला लाभधारकाने सोसायचा, इतकी त्याची सोपी व्याख्या. परंतु ते अनुदान कोणत्या हिशेबाने आणि कोणत्या अटींवर दिले जाते, यावरच त्यातून सगळ्या शिवाराचे भले होणार की चार विहिरींचे, हे ठरते. याचे उत्तम उदाहरण पाहायला फार लांब जावे लागत नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात आहे. मी त्याच तालुक्यातला असल्याने थोडा पक्षपात होईल, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

पुण्याहून दिवेघाट चढला की पाऊस मागे राहतो. तालुक्याचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बहुधा मोजक्या जोरदार सरींत. उघड्या उतारावर अशी सर कोसळली की पाणी जिरायला सवडच मिळत नाही. ते वरची माती घेऊन ओढ्याला लागते. दोन-चार वर्षांत खाली मुरूम दिसू लागतो. मग त्या रानात बाजरीसुद्धा धड येत नाही. याला उपाय जुनाच आहे. डोंगरमाथ्यापासून सुरुवात करून उताराला आडवे समपातळी बांध घालायचे, ओढ्यावर नालाबांध घालायचे, खाली पाझर तलाव आणि त्याच्याखाली विहीर. पाणी धावत होते ते चालू लागते, चालत होते ते थांबते आणि मुरते. या तालुक्यातील खानवडीशी ज्यांच्या घराण्याचा संबंध, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारने फौजेतील शिपायांकडून असे बांध घालून घ्यावेत, अशी सूचना केली होती. म्हणजे ज्ञानाची उणीव नव्हती. खर्च कोणी करायचा आणि मिळालेले पाणी कोणाचे, एवढेच दोन प्रश्न उरले होते, आणि ते सुटता सुटत नव्हते.

१९७२ चा दुष्काळ आमच्या घरात अजून सांगितला जातो. खडी फोडायच्या कामावर सारे गाव होते. सरकारने लाखो लोकांना काम दिले, म्हणून माणसे जगली. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. पण फोडलेल्या खडीने पुढच्या वर्षीचा पाऊस अडत नाही. हीच गोष्ट पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे यांच्या मनाला लागली. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर माळजमीन खंडाने घेतली, तेथेच मुक्काम ठोकला आणि वर सांगितलेले सारे उपाय त्या एका तुकड्यावर करून दाखविले. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली. माळावर पीक उभे राहिलेले पाहिल्यावर लोक विचारू लागले. तेव्हा त्यांच्यापुढे जे नियम ठेवले गेले, ते मला बांधांपेक्षाही मोलाचे वाटतात.

पहिला नियम पैशाचा. समजा, गटाच्या उपसा योजनेला एक लाख रुपये लागणार आहेत. पैकी पन्नास हजार सरकारी अनुदान, तीस हजार प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज, आणि वीस हजार शेतकऱ्यांनी स्वतः आधी जमा करायचे. हा पाचवा हिस्सा ऐकायला लहान वाटतो, पण कोरडवाहू शेतकऱ्याला शेळी विकावी लागते तेव्हा तो उभा राहतो. आणि शेळी विकलेला माणूस मोटर बंद पडली तर साहेबाची वाट पाहत बसत नाही. फुकटचा बांध फुटला तर तो ‘सरकारचा बांध’ असतो. आमच्या शिवारात असे फुटलेले बांध पुष्कळ आहेत. त्यांच्यावर आता बाभळी वाढल्या आहेत.

दुसरा नियम पाण्याचा. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचे नाही, माणसांच्या प्रमाणात वाटायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याची वीस एकर आहे त्यालाही अडीच एकरांचेच. भूमिहीनालाही हक्क, त्याने दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी. उसाला बंदी, कारण ऊस वर्षभर पाणी पितो आणि शेजाऱ्याच्या ज्वारीचा घोट तोडतो. वाटपासाठी गटाचा पाटकरी. शेवटची अट अशी की जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो.

आता याच्या शेजारी अलीकडची एक योजना ठेवून पाहा. २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली व तळ्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान दिले. हेतू चांगला होता: शेतात वाहणारे पावसाचे पाणी अडवावे आणि पावसाने ओढ दिली की पिकाला द्यावे. पण अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचे अस्तर बसले आणि ते विहिरीतून, बोअरमधून पाणी उपसून भरले गेले. जमिनीखाली होते तोवर ते पाणी सगळ्या गावाचे होते; तळ्यात आल्यावर ते एकाचे झाले, आणि वर उन्हाने उडून जाऊ लागले. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या डाळिंबाची बाग जळत असताना त्याने काय करावे? परंतु अनुदान देताना सातबारा तपासला जातो. पाणी कोठून येणार, शेजाऱ्याच्या विहिरीचे काय होणार, हे तितक्या कसोशीने तपासले जात नाही.

पाणी पंचायतीतही सारे गोड नाही. विजेचे बिल थकले की गटात कुरबुरी होतात. बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या. मोठ्या खातेदाराला हे वाटप कधीच मनापासून रुचले नाही, आणि उसाच्या पैशाची ओढ तर सर्वांनाच. २००२ मध्ये विलासराव गेले. कल्पनाताई साळुंखे यांनी काम पुढे चालविले.

दिवाळीच्या सुटीत हे सारे मी वडिलांना समजावून सांगितले. आमची साडेचार एकर कोरडवाहू आहे, घरात माणसे सहा. सहा जणांचे तीन एकर होतात, पण मर्यादा अडीचची, हा हिशेब त्यांनी माझ्याआधी तोंडी केला. पाचवा हिस्सा आधी भरणे त्यांना पटले. उसाची बंदी पटली; आमच्या पाण्यावर ऊस होणारच नाही, असे म्हणाले. भूमिहीनांना पाणी, हे ऐकून जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “द्यावं. दुष्काळात खडी त्यांनीबी फोडली.” मात्र पाणी जमिनीबरोबर विकता येत नाही, हा नियम त्यांना काही केल्या रुचेना. “उद्या तुझ्या बहिणीचं लग्न निघालं आन् एकरभर काढायची पाळी आली, तर कोरड्या रानाला गिऱ्हाईक काय देईल?”

मी म्हटले, त्यासाठीच तर तो नियम आहे. पुण्याचे प्लॉटवाले आमच्या वाडीपर्यंत आले आहेत. पाणी जमिनीला बांधले तर जमिनीबरोबर तेही त्यांच्या हाती जाईल. वडिलांनी ते ऐकून घेतले. मग बांधाची फुटकी जागा दाखवायला मला शेताकडे घेऊन गेले. दोन दिवस आम्ही तिथे दगड लावत होतो. लग्नाच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.