हवेचा आकडा आणि छातीतली धाप

ऊसतोड उरकली की पाथरीच्या शिवारात पाचट पेटते आणि आमच्या ओपीडीत दम्याच्या तक्रारी सुरू होतात. "डॉक्टर, मोबाइल तर हवा चांगली दाखवतोय, मग धाप का लागते?" मोबाइलवरचा आकडा बहुधा दूरच्या केंद्रावरून किंवा संगणकाच्या अंदाजातून आलेला असतो. पण अगदी महागडे यंत्र दारात ठेवले, तरी आकड्याला थोडी सूट द्यावीच लागते.

हवेतले सूक्ष्म कण कशाचे आहेत, हे एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर सांगतो. सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापलेल्या पृष्ठभागावर कण आदळतात, त्यांची वाफ होते आणि तिच्यातील रेणूंच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजले जाते. मात्र कोरडे कण वाफ होण्याआधीच उसळून निसटतात. अनेकदा निम्मेच हाती लागतात. ही तूट गणिताने भरतात. त्यामुळे सेंद्रिय पदार्थांच्या मोजमापात ३८ टक्क्यांपर्यंत अनिश्चितता धरली जाते. आकडा १० मायक्रोग्रॅम आला, तर खरे प्रमाण ६ ते १४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते.

शिवाय चुलीची काजळी आणि धूळ या तापमानाला वाफ होत नाहीत. या यंत्राच्या नेहमीच्या रचनेत त्या मोजल्याच जात नाहीत. छातीला मात्र त्या जाणवतात.

रक्तदाबाचा पट्टा लहान पडला, तर आकडा उगाच वाढतो. म्हणून आम्ही पट्टा बदलून पुन्हा मोजतो. हवेचा आकडाही तसाच वाचा. धूर दिसत असेल, धाप लागत असेल, तर मोबाइल बाजूला ठेवा. धुरापासून दूर जा, डॉक्टरांनी दिलेला इनहेलर घ्या. आराम पडला नाही तर लगेच दवाखाना गाठा.