एकदम नव्हे, मोळी-मोळीने!



गव्हाणीत एकदम चार ट्रॉल्या ऊस ओतला तर काय होते, हे पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. गव्हाण तुंबते, मिल थांबते, मागे गाड्यांची रांग लागते. संगणकातल्या हिशेबाचेही तसेच आहे.

ऊसनोंदी आणि वजनकाट्याच्या पावत्या जुन्या संगणकातून नव्यात उतरवायला आपल्या कार्यालयाने घेतल्या. पहिल्या खेपेस सगळ्या एकदम घेतल्या आणि काम मध्येच बंद पडले. हा प्रोग्रॅम (तोडणीचा नव्हे, संगणकाचा!) पीएचपी या भाषेत लिहिलेला. तो ब्राउझरमधून चालवला की त्याला मुळात ३० सेकंदांची मुदत असते. मुदत संपली की गडी असेल तिथे थांबतो. कोणाची पावती उतरली, कोणाची राहिली, कळेना.

"मग मुदत वाढवा की!" असे कोणी म्हणेल. वाढवता येते. पण सारा ढीग एकदम उचलायचा तर संगणकाची मेमरी अपुरी पडते. आणि वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

त्यावर उपाय मोळ्या बांधण्याचा. पावती क्रमांकाने नोंदी ओळीत लावायच्या आणि एका वेळी हजारच उचलायच्या. मोळी उतरली तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. अर्धवट ठेवायची नाही. शेवटचा क्रमांक टिपून ठेवायचा. जुने कारकून खतावणीत लाल पेन्सिलीची खूण करीत, तशीच ही खूण. काम थांबले तर त्या क्रमांकाच्या पुढून सुरू करायचे. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर संगणकाने घेऊ नये, अशी तजवीज आधीच करायची. शेवटी दोन्हीकडच्या पावत्या मोजायच्या आणि टनांची बेरीज जुळवायची. बेरीज जुळेपर्यंत जुने दप्तर पुसायचे नाही.

एवढी खबरदारी कशासाठी? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. एक पावती गळाली तर एका घराचे बिल अडते. दोनदा चढली तर संस्थेचा पैसा जातो, म्हणजे आपलाच.

तरी सभासदांनी आपल्या वजनपावत्या जपून ठेवाव्यात आणि बिल हाती येताच टनेज ताडून पाहावे. फरक दिसल्यास पावती घेऊन शेतकी कार्यालयात यावे. संगणक कितीही शहाणा झाला, तरी काट्यावरची पावती हाच आपला पुरावा.