आधी प्रार्थना, मग रस्ता

हैदराबादेतील गौलीगुड्याचा रस्ता धर्माच्या घोषास कधीच अपरिचित नव्हता. येथल्या राममंदिरापासून हनुमान जयंतीची शोभायात्रा निघते, येथल्या गुरुद्वाऱ्यात शबदकीर्तन चालते, आणि निजामाच्या अमदानीत १९३२ साली मोटारबसची वाहतूक सुरू झाल्यावर ज्या प्रचंड लोखंडी छताखाली कित्येक पिढ्यांनी गाड्यांची वाट पाहिली व जे २०१८ च्या जुलैत कोसळून पडले, त्या बसस्थानकाने तेलुगू, उर्दू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या उतारूंचा लोंढा या मोहल्ल्यातून अखंड वाहता ठेवला. अशा नाक्यावर पत्रिकांचा गठ्ठा हाती घेऊन उभा राहणारा ख्रिस्ती सुवार्तिक पाहिला म्हणजे त्याचा आवाज, त्याचे गीत आणि त्याच्या हातची पत्रिका एवढेच आपल्या लक्षात येते. परंतु तो या रस्त्यावर का आला, आजच का आला आणि पलीकडच्या रस्त्यावर का गेला नाही, या प्रश्नांची उत्तरे तो घराबाहेर पडण्यापूर्वी केलेल्या प्रार्थनेत शोधतो.

या परंपरेचा एक थोर प्रतिनिधी याच शहरात राहिला. मुशीराबादच्या बाजूस, गोलकोंडा चौरस्त्याजवळ ‘हेब्रोन’ नावाचे उपासनास्थान आहे. १९५० पासून ते बंधू बख्त सिंग यांच्या कार्याचे मुख्य ठाणे होते. पंजाबातील एका सुखवस्तू शीख कुटुंबात १९०३ साली जन्मलेला हा तरुण धर्म न बदलण्याचे वचन घरी देऊन अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी विलायतेस गेला, तेथून कॅनडास गेला, आणि विनिपेग शहरी १९२९ साली नवा करार वाचता वाचता त्याचे अंतःकरण पालटले. १९३२ मध्ये व्हँकुव्हर येथे बाप्तिस्मा घेऊन तो १९३३ च्या एप्रिलात मुंबई बंदरात उतरला, तेव्हा भेटीस आलेल्या आईवडिलांनी घराण्याच्या अब्रूखातर ही गोष्ट गुप्त ठेवण्याची गळ घातली. ती त्याला मान्य करता आली नाही, आणि ज्या मुलाची इतकी वर्षे वाट पाहिली त्याला तेथेच सोडून ती दोघे निघून गेली. त्या क्षणी कोणाचे दुःख अधिक होते हे ठरवणे मला शक्य नाही. निराधार झालेल्या या मनुष्याने मुंबईच्या रस्त्यांवरच सुवार्ता सांगण्यास आरंभ केला, आणि पुढे सबंध हिंदुस्थानभर त्याचा संचार झाला.

मुंबईच्या रस्त्यावर उभे राहण्यापूर्वी, कॅनडात असतानाच, बख्त सिंगांनी प्रार्थनेत तीन अटी पत्करल्या होत्या असे ते आपल्या साक्षीत सांगत: पंजाबातील वडिलोपार्जित मालमत्तेवर हक्क सांगायचा नाही, कोणत्याही एका संस्थेची चाकरी न धरता सर्वांची सेवा सारखीच करायची, आणि स्वतःचे बेत आखायचे नाहीत, देव दररोज नेईल तिकडे जायचे. माझ्या मते या तिन्हींत तिसरी अट सर्वांत कठीण आहे. मालमत्ता एकदा सोडली की सुटते, परंतु स्वतःचा बेत मात्र प्रत्येक सकाळी नव्याने सोडावा लागतो. १९४१ साली मद्रासेस स्वतंत्र मंडळी स्थापन करावी की नाही हा पेच पडला, तेव्हा सहकाऱ्यांसह त्यांनी पल्लावरमच्या टेकडीवर सारी रात्र प्रार्थनेत काढली, आणि मगच ‘यहोवा शाम्मा’ मंडळीचा प्रारंभ झाला.

हा रिवाज त्यांनी नव्याने निर्माण केला असे नव्हे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात अंत्युखियाची मंडळी उपास व प्रार्थना करते आणि मगच बर्णबा व पौल यांची रवानगी होते. त्याच ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात पौलाला आशिया प्रांतात वचन सांगण्यास मनाई होते, बिथुनियाकडे वळू पाहता तीही वाट बंद होते, आणि अखेर रात्री दृष्टान्तात एक मासेदोनियाचा मनुष्य साहाय्याची याचना करताना दिसतो. पौलाच्या या दुसऱ्या दौऱ्यात नकार दोनदा आहे आणि होकार एकदा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मनुष्य आपलीच इच्छा देवाची आज्ञा म्हणून पुढे करील, ही भीती अर्थातच खरी आहे, आणि जाणत्या सुवार्तिकांनी ती कधी नाकारलेली नाही. ब्रिस्टल येथील अनाथालयाचे संस्थापक जॉर्ज म्यूलर यांचा कटाक्ष असे की, ज्या बाबतीत मार्गदर्शन मागायचे त्या बाबतीत मन आधी निरिच्छ झाले पाहिजे. त्यानंतर शास्त्रवचन, परिस्थिती आणि प्रार्थना यांचा मेळ पाहावा, आणि चित्तास शांती लाभली तरच पाऊल उचलावे. मंडळीतील लोक याला सोबत्यांच्या एकमताचीही जोड देतात. चौघांपैकी एकाच्या मनावर ‘ओझे’, म्हणजे जाण्याची आंतरिक प्रेरणा, आले आणि तिघांचे अंतःकरण साक्ष देईना, तर दौरा थांबवलेला बरा, असे ते मानतात.

या बाबतीत मराठी मुलखाची मिरास मोठी आहे. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या प्रारंभी आत्मिक जागृतीसाठी प्रार्थनेस बोलावले तेव्हा सुरुवातीस सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत रोज प्रार्थनेस बसणाऱ्यांची संख्या ५५० च्या घरात गेली. जूनअखेरीस तेथे जे पुनरुज्जीवन झाले त्याचा बोलबाला देशोदेशी पसरला. परंतु मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की, दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचवलेल्या या स्त्रिया त्यानंतर टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास जाऊ लागल्या. ज्या काळी विधवेने उंबरठ्याबाहेर उभे राहणेही अपशकुन मानले जाई, त्या काळी त्यांनी चावडीपुढे उभे राहून बोलावे, हे धैर्य व्याख्यानकलेच्या शिक्षणातून आलेले नव्हते. मिशनमधील प्रार्थनागटांनी त्यांना आधी देवापुढे बोलावयास शिकवले होते.

मराठी मुलखात सुवार्तेच्या रस्त्याची तयारी याआधीही झाली होती. खुद्द निजामाच्या राज्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी दिवाण सालारजंगांच्या कारकिर्दीत सरकारकडून जमीन मिळवून ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसवले होते; आणि अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे व पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे करून प्रवचनाला टाळ-मृदंगाची साथ दिली.

आज रस्त्यावरील प्रचारास कायद्याची चौकट आहे. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन राहून प्रत्येकास दिला. आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात असा निर्वाळा दिला की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क अंतर्भूत नाही. अनेक ख्रिस्ती विचारवंतांना हा निर्णय संकुचित वाटला, आणि त्यांच्या युक्तिवादात तथ्यही आहे. तथापि त्यांच्याच शास्त्राप्रमाणे हृदयपालट हे पवित्र आत्म्याचे काम आहे, बोलणाऱ्याचे नव्हे. तेव्हा प्रार्थनेत ‘मी केवळ सांगणार, फळ तुझ्या हाती’ असे म्हणून निघालेल्या सुवार्तिकाने रस्त्यावर आमिष दाखवले किंवा धाक घातला, तर तो सरकारी हुकमाआधी स्वतःच्या प्रार्थनेचाच भंग करतो. गौलीगुड्याच्या नाक्यावर पत्रिका घेणारा आणि ती नम्रपणे परत करणारा, या दोघांनाही त्याने सारख्याच आदराने नमस्कार करावा, अशी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार म्हणूनच आपल्याला त्याच्याच श्रद्धेने दिलेला आहे.