राहुटीची निवड आणि निगा

मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरते. हें माळेगांव आज लोहा तालुक्यांत आहे. पूर्वीं तें कंधार तालुक्यांत मोडत असे. घोड्यांचा, गाढवांचा नि उंटांचा बाजार, तमाशाचे फड आणि भटक्या जमातींचीं पालें यांनीं तेथील माळ कांहीं दिवस गजबजून जातो. त्या माळावर पहांटेची एक फेरी मारली, तर दुकानांत न मिळणारें तंबूचें ज्ञान सहज पदरांत पडतें. आकाश निरभ्र, पावसाचा थेंब नाहीं. तरी कापड दंवानें निथळत असतें.

याचें कारण असें कीं, निरभ्र रात्रीं कापड आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहतें व भोवतालच्या हवेहूनही थंड होतें. त्या थंड पृष्ठावर हवेंतील बाष्पाचें पाणी होतें. आंत निजलेल्यांच्या श्वासांतून व घामांतून निघणारें बाष्प तर आंतल्या बाजूसच धरतें. सकाळीं पांघरुणें ओलीं लागलीं, कीं तंबू गळका निघाला म्हणून दुकानदारास बोल लावतात. पुष्कळदां त्या बिचाऱ्याचा कांहीं अपराध नसतो.

म्हणून मराठवाड्याच्या हिंवाळ्यासाठीं तंबू घेतांना पाऊस अडविण्याच्या गुणाइतकेंच हवा खेळण्याकडे लक्ष द्यावें. आंत पातळ, जाळीदार खोली, बाहेर अलग छत आणि दोहोंमध्यें पोकळी, अशी दुहेरी रचना उत्तम. छतावर धरलेलें पाणी पोकळींतून खालीं ओघळतें, अंथरुणावर पडत नाहीं. वर झरोका असावा, आणि थंडी वाजते म्हणून तो साफ बंद करूं नये. शेगडी तर, कोळशाची असो वा गॅसची, उबेसाठीं तंबूंत मुळींच आणूं नये. अर्धवट जळणाऱ्या इंधनांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, रंग नाहीं. निजलेला माणूस पुन्हां जागाच होत नाहीं. राख धरून निवल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही हा वायु निघतच असतो.

विक्रेता ज्यास चार माणसांचा तंबू म्हणतो त्यांत सामानासह तिघेंच सुखानें मावतात, हेंही ध्यानांत असावें.

कंधारचा भुईकोट व त्याचा रुंद खंदक पाहावयास जाणाऱ्या कुटुंबानें मुक्कामाची जागा किल्ल्याबाहेर, मालकाची परवानगी घेऊन शोधावी. पाण्याचा कांठ रम्य खरा, पण थंड हवा सखल भागांत सांचते व दंवही तेथें अधिक पडतें. थोड्या उंचवट्यावरची मुरमाड जमीन बरी. काळ्या रानांत सुकल्यावर भेगा पडतात आणि भिजल्यावर चिखल होतो. दोन्हीं वेळां मेख धरत नाहीं. मेख ठोकतांना टोक तंबूकडे व डोकें बाहेर कलतें ठेवावें. खडक लागला, तर मातीनें भरलेल्या पोत्यास दोर बांधावा. सुती किंवा अंबाडीचा तणावा ओला झाला कीं आखडतो व मेख उपटतो, म्हणून निजण्यापूर्वीं तो किंचित् सैल करावा. नायलॉनचा तणावा उलट भिजल्यावर लांबतो. त्यास आवळावें लागतें.

सुती राहुटी जड, पण दुपारीं सोसवते. ती नवी असतां एकदां उभारून, भिजवून वाळवावी. धागे फुगून शिवणींतील छिद्रें मिटतात. नायलॉन व पॉलिएस्टर हलकीं आहेत, मात्र महिनोन्महिने उन्हांत उभीं ठेविल्यास त्यांचा कस जातो.

तंबूचा खरा नाश मात्र परतीच्या सकाळीं होतो. एस्. टी. गांठण्याच्या घाईंत ओलें कापड गुंडाळून पिशवींत कोंबलें जातें व घरीं आल्यावर माळ्यावर पडून राहतें. सुती कापडावर थोड्याच दिवसांत बुरशीचे काळे ठिपके उमटतात. बुरशी धागाच खात असल्यामुळें पुढें तें नुसत्या ओढीनें फाटतें. कृत्रिम धागा बुरशीस पचत नाहीं, पण त्याच्या आंतील जलरोधक लेप ओलाव्यानें व उष्णतेनें विघटित होऊन चिकट होतो, सोलूं लागतो. असा लेप गेलेला तंबू पूर्ववत् होणें कठीण. म्हणून ऊन चढेपर्यंत थांबावें, कोरड्या फडक्यानें कापड टिपावें, खालची बाजूही उलटून वाळवावी. निघणें भागच असेल, तर घरीं पोंचल्यावर त्याच संध्याकाळीं गच्चींत किंवा गॅलरींत तंबू पसरावा.

धुलाई यंत्रांत तंबू घालूं नये. थंड पाणी व मऊ फडकें पुरे. चेनमधील धूळ ब्रशानें झाडावी. खाऊचे कण राहिल्यास उंदीर येतात, म्हणून कोपरे झटकावे. घडी नेहमीं त्याच रेषेंवर घालूं नये, आणि घट्ट पिशवीऐवजीं सैल सुती खोळींत ठेवावें. पावसाळ्याची दमट हवा ओसरली, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास एकदां उघडून उन्हांत न ठेवतां वारा द्यावा आणि मेखा मोजून घ्याव्या. एखादी हटकून कमीच भरते.