सायकल कुठे कुरकुरते?

भुकूमहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय.

आज कर्ज-हप्त्याचं काही बोलायचं नाही. आज दारात उभ्या असलेल्या सायकलीबद्दल बोलायचं आहे. कुणाची लेक तिच्यावर शाळेत जाते, कुणी दूध घालायला जातं, कुणी कामावर जाताना फाट्यापर्यंत जातं. मग एक दिवस सायकल वाजायला लागते. कटकट, कुरकुर, खडखड. घरात मग दोनपैकी एक होतं. ‘चालतीय ना, वाजू दे’ म्हणून ती तशीच दामटली जाते, नाहीतर भीतीने पडवीत उभी राहते. पौड रस्त्यावर डंपर अंगावरून जातात आणि पिरंगुटचा घाट आहे, तिथे ढिल्या सायकलीवर पोरीला धाडणं धोक्याचं. आणि सायकल पडवीत राहिली तर पोरीचे शाळेचे दिवस बुडतात. म्हणून आवाज ओळखता आला पाहिजे.

माठ घेताना आपण तो टिचकी मारून बघतो. कुंभाराला विचारत नाही, आपला कान सांगतो. सायकलीचंही तसंच आहे, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. आवाज कुठून येतो हे आधी शोधू नका, कारण सायकलीची नळी पोकळ असते आणि सीटखालचा आवाज पॅडलमधून आल्यासारखा वाटतो. आधी आवाज केव्हा येतो ते बघा. अंगणात एकीने सायकल चालवायची, दुसरीने शेजारून चालत ऐकायचं, आणि चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: पॅडल मारायचं थांबवलं की आवाज थांबतो का? थांबला, तर दोष पॅडल, क्रँक किंवा चेनमध्ये. दुसरा: पॅडल थांबवूनही आवाज चालूच आहे का? मग दोष चाकाचा. (मागच्या चाकातली बारीक टिकटिक मात्र फ्रीव्हीलची असते, ती असायचीच.) तिसरा: ब्रेक दाबल्यावरच येतो का? चौथा: खड्ड्यातून गेल्यावरच येतो का? एवढ्यावर निम्मं काम होतं.

आता पॅडलकडचे आवाज बघू. पॅडलच्या एका फेरीला एकदाच ‘कट्’ होत असेल आणि पायाला बारीक झटका बसत असेल, तर कॉटर बघा. आपल्या साध्या काळ्या सायकलीत क्रँक जागेवर धरून ठेवणारी जी लोखंडी खिळी असते, ती कॉटर. ती ढिली झाली तर क्रँकखाली लाकडाचा ठोकळा टेकवा, कॉटरच्या नट नसलेल्या टोकावर हातोडीने बेताने ठोका आणि मग नट आवळा. आटे असलेल्या टोकावर ठोकलं तर कॉटर बाहेर येते आणि आटेही बिघडतात. खाली ठोकळा नसेल तर ठोकण्याचा मार आतल्या छऱ्यांना बसतो. पुन्हा ढिली झाली तर नवीन कॉटर टाका. ती स्वस्त असते, पण ढिल्या कॉटरवर महिनाभर सायकल चालवली तर क्रँकचं भोक मोठं होतं आणि अख्खी क्रँक बदलावी लागते.

कॉटर घट्ट आहे आणि तरी आवाज येतो, तर पॅडल हाताने हलवून बघा. इथे बरेच जण फसतात, कारण डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. सोपी खूण सांगते. पाना पॅडलच्या दांडीला लावून वर उभा करा आणि पुढच्या चाकाकडे ओढा. डावं असो की उजवं, पुढच्या चाकाकडे ओढलं की आवळतं, मागच्या चाकाकडे ओढलं की सुटतं.

चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर चेन कोरडी आहे. दोन-अडीच फेऱ्यांमागे एकदा ‘टिक्’ होत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे. चेनला पूर्ण फिरून यायला पॅडलच्या तेवढ्या फेऱ्या लागतात, म्हणून. पॅडल हळूहळू उलटं फिरवा, न वाकणारी कडी दिसेल. तिला तेलाचा थेंब द्या आणि बोटांनी डावी-उजवीकडे हलवून मोकळी करा.

कुरकुर बसल्यावरच येते आणि उभं राहून पॅडल मारलं की जाते? मग ती सीटची आहे. सीटचे नट आवळा, स्प्रिंगला थेंबभर तेल द्या.

आता चाकाकडे. सायकल स्टँडवर लावा आणि चाक हाताने फिरवा. दर फेरीला एकदा ‘सर्र’ असा घासल्याचा आवाज आला तर रिम एका जागी वाकडी झाली आहे आणि तिथे ब्रेकचं रबर टेकतं, किंवा मडगार्ड टायरला लागतंय. भातलावणीच्या दिवसांत तर मडगार्डमध्ये चिखल वाळून बसतो. आधी तो काडीने काढा. मग चाकाच्या तारा एकेक करून बोटाने वाजवा, माठासारख्याच. घट्ट तार खणखणते, ढिली तार बद्द वाजते. ढिल्या तारेची जागा खडूने खूण करून मेकॅनिकला दाखवा. तारा आवळून चाक सरळ करणं कसबाचं काम आहे, ते घरी करू नका.

जात्यात खडा आल्यासारखी ‘घरघर’ आली तर चाकातले छरे गेले. चाक वरच्या बाजूला धरून आडवं हलवा. खुळखुळलं तर छऱ्यांमध्ये ढिल आहे. वेळेत दाखवलं तर छरे आणि ग्रीसवर भागतं. उशीर केला की छरे ज्या वाटीत बसतात ती वाटीही खराब होते.

ब्रेक दाबल्यावर ‘चीं’ असा आवाज आला तर रिमवर तेल किंवा धूळ आहे. रिम कोरड्या फडक्याने पुसा, रबराचं तोंड पॉलिश पेपरने घासा. पण ‘खर्र’ असा लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज आला तर रबर संपलं आहे. त्या क्षणी उतरा. नवीन रबर बसेपर्यंत त्या सायकलीवर कुणी बसायचं नाही, उतारावर तर नाहीच. आणखी एक तपासणी लक्षात ठेवा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागे-पुढे ढकला. हँडलच्या मुळाशी ‘टक्’ जाणवलं तर तिथे ढिल आहे. हे मेकॅनिककडूनच आवळून घ्या.

खड्ड्यातली खडखड सगळ्यात सोपी. सायकल चार बोटं उचलून टायरवर सोडा. वाजली की कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, घंटी, चेनकव्हर एकेक हाताने दाबून धरा आणि पुन्हा सोडा. ज्याला धरल्यावर आवाज बंद होतो, त्याचा नट ढिला. आवळा, गरज असेल तिथे वायसर घाला. पण चेनकव्हर वाजतंय म्हणून काढून टाकू नका, आणि मागच्या चाकाची साडीची जाळीही काढू नका. ओढणी किंवा पदर चेनमध्ये गेला तर बाई रस्त्यावर पडते. आधी चेन ढिली आहे का बघा, कारण ढिली चेनच कव्हरवर आपटते. चेन मधोमध दाबली तर साधारण अर्धा-पाऊण इंच हलावी. जास्त हलली तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करा, चाक सरळ मागे ओढा आणि दोन्ही नट सारखे आवळा.

तेलाबद्दल दोन शब्द. गोडं तेल घालू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. खोबरेल थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल चेनला चालतं, फक्त पावसात ते लवकर धुऊन जातं, म्हणून मुळशीच्या पावसाळ्यात पुन्हा-पुन्हा घालावं लागतं. आधी चेन फडक्याने पुसा, प्रत्येक कडीला एकेक थेंब, पॅडल उलटं फिरवा, पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. तेल आत हवं, बाहेरचं नुसतं माती गोळा करतं. रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेलाचा हात लावू नका.

मेकॅनिककडे जावं लागलं तरी हे ज्ञान वाया जात नाही. ‘दादा, आवाज येतोय’ म्हटलं तर तो अंदाजाने एक-दोन वस्तू बदलेल. ‘पॅडलवर जोर दिला की फेरीला एकदा कट् होतं, उजवीकडे’ असं सांगितलं तर तो नेमकं तेच उघडेल. आमच्या गटातल्या एका ताईला नवी चेन टाका म्हणून सांगितलं होतं. चार प्रश्न विचारून बघितल्यावर दोष कॉटरचा निघाला. चेनचे पैसे वाचले आणि लेक दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

बायकांनी पाना हातात धरायचा, हे काही जणांना जरा चमत्कारिक वाटेल. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेसोबत हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलला मोहिमेतच जागा दिली होती. तिथेही सुरुवातीला लोक हसले. पुढे सायकलवरून पाणी आणणारी, बाजार करणारी बाई रोजचीच झाली. सायकल चालवता येणं ही पहिली पायरी, ती चालती ठेवता येणं ही पुढची.

म्हणून गटांना एक सुचवते. गटाच्या पैशातून एक पान्यांचा संच, पक्कड, हातोडी, हवेचा पंप आणि तेलाची बाटली घ्या. कोण कधी नेतंय ते वहीत लिहा. महिन्याच्या एका बैठकीला सगळ्यांनी सायकली घेऊन या, आणि मुलींनाही आणा, कारण रस्त्यात आवाज आला तर तिथे आई नसते, तीच असते.

आणि आज संध्याकाळी तीन गोष्टी नक्की करा. ब्रेकचं रबर बघा, दोन्ही चाकांचे नट हाताने तपासा, पॅडल हलवून बघा. पाच मिनिटं लागतील. उद्या सकाळी लेक घाट उतरेल तेव्हा तुमचा जीव टांगणीला लागणार नाही.

पुढच्या वेळी पंक्चर काढायला शिकू. येते, नमस्कार.