वास तर मस्त, पण गुण येतो का?

स्पा, डिफ्युझर, उशीवर लॅव्हेंडरचे दोन थेंब... अरोमाथेरपीचा फंडा सगळीकडे जोरात आहे. पण त्याने खरंच बरं होतं, की नुसतं बरं वाटतं?

शुक्रवारची संध्याकाळ. आठवडाभराच्या टार्गेट्सनी मान आखडलेली, डोकं भणभणतंय. मॉलमध्ये शिरलात, की काउंटरवरची मुलगी गोड हसून मनगटावर थेंबभर तेल लावते. ‘स्ट्रेससाठी लॅव्हेंडर, कॉन्सन्ट्रेशनसाठी रोझमेरी, सर्दीला युकॅलिप्टस!’ तुम्ही मनगट नाकाशी नेता. आहाहा! पुढच्या पाच मिनिटांत इवलीशी बाटली आणि भलंमोठं बिल, दोन्ही तुमच्या बॅगेत.

यात मी कुणाला हसत नाहीये. माझ्या डेस्कच्या ड्रॉवरमध्येही पेपरमिंटची बाटली आहे. पण आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीमुळे हा प्रश्न सिरियसली घ्यावा लागला. तिची झोप उडाली होती. मग उशीवर लॅव्हेंडर, खोलीत डिफ्युझर, महिन्यातून दोनदा अरोमा मसाज. ‘फरक पडतोय गं,’ म्हणायची. पडतही असेल. पण पहाटे चारला जाग येणं काही थांबेना. वजन उतरत गेलं, हात थरथरायला लागले. पाच महिन्यांनी आईने अक्षरशः ओढत डॉक्टरांकडे नेलं. साधी रक्ततपासणी, आणि निदान थायरॉइडचं! तेलाने तिचं काही बिघडवलं नव्हतं. पण थोडं बरं वाटत होतं म्हणून पाच महिने डॉक्टर लांब राहिले. तेव्हा म्हटलं, हे प्रकरण जरा खोदून बघूच.

भाजलेला हात

अरोमाथेरपी हा शब्द दिला रेने-मॉरिस गॅटफोसे या फ्रेंच केमिस्टने. त्याची गोष्ट प्रत्येक स्पाच्या माहितीपत्रकात सापडते. 1910 मध्ये प्रयोगशाळेत त्याचा हात भाजला, त्याने तो शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि हात चमत्कार झाल्यासारखा बरा झाला! फिल्मी आहे ना? त्याने स्वतः लिहिलंय ते वेगळंच. भाजलेल्या जखमा चिघळून गँगरीन झाला होता आणि तेव्हा त्याने लॅव्हेंडर तेल वापरलं. म्हणजे त्याला इंटरेस्ट होता तो जंतू मारण्यात. 1937 मध्ये त्याने याच नावाचं पुस्तक काढलं. मंद दिवे, सॉफ्ट म्युझिक, मसाज हा सगळा थाट नंतरचा.

आणि आपल्याला हे शिकवायला फ्रेंच माणूस कशाला हवा? बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची धुरी, सर्दी झाली की रुमालावर निलगिरी, दिवाळीच्या पहाटेचं उटणं... आजीने यातल्या कशाचंच बिल लावलं नाही, एवढाच फरक.

नाकाचा शॉर्टकट

वासाने मूड बदलतो, ही थाप नाही. बाकीच्या संवेदना मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ‘रिसेप्शन’वर थांबतात. वास मात्र जवळजवळ थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागात घुसतो. म्हणून तर सोनचाफ्याच्या एका वासाने शाळेतल्या बाईंचा अंबाडा डोळ्यांपुढे येतो.

2018 मध्ये जपानच्या कागोशिमा विद्यापीठात उंदरांना लॅव्हेंडरमधलं लिनालूल हुंगवलं. उंदीर निवांत झाले. ज्यांना वासच येत नव्हता, त्यांच्यावर काही परिणाम नाही. म्हणजे इफेक्ट नाकातूनच येतो. पण उंदरांना ऑफिस नसतं, ईएमआय नसतो, हेही लक्षात ठेवा!

टेस्टमध्ये काय झालं?

माणसांवरचा एक प्रयोग मला फार आवडला. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने 2008 मध्ये 56 जणांच्या नाकाखाली कापसाचा बोळा चिकटवला. कधी लिंबू, कधी लॅव्हेंडर, कधी साधं पाणी. मग त्यांचे पाय बर्फासारख्या गार पाण्यात घालायला लावले, चिकटपट्टी ओढून त्वचा किती लवकर भरते ते पाहिलं, रक्त तपासलं. रिझल्ट? लिंबाने मूड सुधारला. लॅव्हेंडरने तेवढंही केलं नाही. वेदना, त्वचा भरणं, स्ट्रेस हार्मोन्स, प्रतिकारशक्ती यांत कशानेच सुधारणा झाली नाही.

मग ही तेलं बिनकामाची? तसंही नाही. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल्स इरिटेबल बॉवेलच्या पोटदुखीवर खरंच उपयोगी पडतात. 5 टक्के टी-ट्री ऑइलचं जेल पिंपल्सवर काम करतं, हळू पण करतं, असं 1990 च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. पण गंमत बघा, ही कामं सुवासाची नाहीत. ठरलेल्या डोसमधल्या औषधाची आहेत.

फक्त हुंगण्याचा उपचारही एक आहे. आजारपणात वास गेला असेल, तर गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, निदान 12 आठवडे हुंगायचे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या टीमने 2009 मध्ये हे मांडलं आणि कोविडनंतर ते जगभर वापरलं गेलं. त्यात मंद दिवे नाहीत, रोजचा रियाज आहे.

‘नॅचरल’ म्हणजे सेफ?

बॉस, इथेच सगळे फसतात. 2021 मध्ये अमेरिकेत लॅव्हेंडर-कॅमोमाइलच्या एका रूम स्प्रेमध्ये घातक जिवाणू सापडले. चौघं आजारी पडले, दोघं दगावले. तो स्प्रे भारतात बनलेला होता. त्याच वर्षी दुसऱ्या लाटेत कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज आपल्याही फोनवर फिरत होता. तसा कुठलाही पुरावा नव्हता, आणि तेव्हा हॉस्पिटल गाठण्यातला एकेक तास मोलाचा होता.

थोडक्यात, बरं वाटणं ही छोटी गोष्ट नाही. दहा तास स्क्रीनसमोर बसल्यावर पाच मिनिटं छान वाटलं, तर त्याचे पैसे खुशाल द्या. सिनेमाच्या तिकिटाचे देतोच की! फक्त ते एंटरटेनमेंटच्या खात्यात लिहा, मेडिकलच्या नको.

ट्राय करायचंच तर...

* तेल थेट त्वचेवर नको. खोबरेल किंवा बदामाच्या तेलात मिसळा आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघा.
* बर्गमॉटचं तेल लावून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजू शकते.
* निलगिरीचं तेल आणि कापूर लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेल्यास फिट्स येऊ शकतात.
* दमा, फिट्सचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
* झोप, डोकेदुखी, थकवा... दोन-तीन आठवड्यांत तक्रार गेली नाही, तर डिफ्युझर बंद करा आणि अपॉइंटमेंट घ्या.