डाव्या हातात मोजा

पहाटे साडेपाच

जानेवारीच्या शेवटी सांगोला तालुक्यात पहाटेची थंडी अजून अंगाला लागते. मृग बहराची फळं संपत आली आहेत. वरच्या प्लॉटमध्ये शेवटची तोडणी आणि खालच्या प्लॉटमध्ये छाटणी, असं दोन्हीकडचं काम एकाच दिवशी आलंय. पण दव असेपर्यंत डाळिंबाच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. तेल्या रोगाचे जिवाणू ओलाव्यातून पसरतात, आणि दवानं भिजलेल्या फांद्यांतून एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाणारा माणूस तो रोग सोबत घेऊन फिरतो. मग ऊन वर येईपर्यंत बाकीची कामं: ठिबकचे फिल्टर धुणं, क्रेटमध्ये कागद अंथरणं, कटरला धार लावणं.

हातमोज्यांचं खोकंही याच वेळी उघडतं. त्यात तीन जाती आहेत. वेल्डिंगवाले वापरतात ते चामड्याचे, तळव्यावर रबरी ठिपके असलेले सुती, आणि हिरवे नायट्राइलचे. बागेत काम करताना मोजे घालावेत का, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, किती वाजता? उत्तर बऱ्यापैकी त्यावर ठरतं.

सकाळी साडेसात

बायकांचा टेम्पो आला. साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला गच्च रुमाल, आणि हातात पायमोजे. पायमोजाचा पुढचा भाग कापायचा, बोटं बाहेर काढायची, बाकीचा कोपरापर्यंत ओढायचा. हा पोशाख कुठल्याही कृषी विद्यापीठानं शिकवलेला नाही. दुकानातल्या मोज्यांपेक्षा तो डाळिंबाला जास्त बरा बसतो, असं माझं मत बनत चाललंय. कारण डाळिंबाचा काटा तळव्यात फारसा शिरत नाही. आखूड फांदीचं टोकच वाळून काटा होतो आणि तो आडवा येतो. हात झाडात घातला की मनगट, पंजाची मागची बाजू आणि कोपराच्या खालचा भाग सोलवटून निघतो. सुती मोज्याचे रबरी ठिपके मात्र तळव्यावर असतात. ते विटा आणि पोती उचलायला केलेले मोजे आहेत. बागेत त्यांचा उपयोग क्रेट उचलण्यापुरता.

तोडणीला हाताची बोटं उघडी लागतात. पिकलेल्या भगवा वाणाच्या फळाची गोलाई जाऊन कडा किंचित चपट्या होतात, ते बोटांना डोळ्यांआधी कळतं. टिचकी मारली की टणक, धातूवर मारल्यासारखा आवाज येतो. मोज्यातून टिचकी मारून बघा, काही ऐकू येत नाही.

सकाळी नऊ

खालच्या प्लॉटमध्ये छाटणीची टोळी लागली. इथे काटा खरा भेटतो. उजव्या हातात कटर, डाव्या हातानं फांदी वाकवायची, मधली गर्दी काढायची, बुडाचे फुटवे काढायचे. डाव्या हातात चामड्याचा मोजा, उजवा हात मोकळा. उजव्या हातात जाड मोजा घातला की कटरची मूठ फिरते, दाब कमी-जास्त होतो आणि काप चिरडल्यासारखा पडतो. चिरडलेली जखम झाड लवकर भरून काढत नाही. मोजे मात्र जोडीनंच विकतात. त्यामुळे आमच्या शेडमध्ये उजव्या हाताच्या कोऱ्या चामडी मोज्यांचा ढीग साठलाय. टोळीत एखादा डावखुरा निघाला की आम्हाला आनंद होतो.

टोळीचं काम उक्तं, झाडामागे पैसे. मोजा घातला की पहिल्या तासाला हात मंदावतो, म्हणून तरुण पोरं तो काढून खिशात कोंबतात. जुने गडी घालतात. त्यांच्या बोटांच्या पेरांवरच्या काळ्या ठिपक्यांकडे बघितलं की का ते कळतं. हजेरीवर काम दिलं तर मोजे हातात राहतात, हे मी बघितलंय. पण मग झाडं कमी होतात, आणि ते माझ्या खिशाला लागतं. मोज्यांच्या प्रश्नात हा हिशेब कुणी उघड बोलत नाही.

दर झाडानंतर कटर सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्क्यांच्या द्रावणात बुडवायचा. सोलापूरजवळ केगावला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघालं, तेव्हापासून हा सल्ला इकडच्या बागाईतदारांच्या कानावर सतत पडतोय. कटर बुडतो, मोजा बुडत नाही. रोगट डहाळी धरलेला चामड्याचा मोजा तसाच पुढच्या झाडाला लागतो. म्हणून तेल्याचे डाग असलेली झाडं शेवटी ठेवायची, आणि त्या झाडांवर धुता येतील असेच मोजे वापरायचे. इथे मोजा घालायचा तो माणसाला झाडापासून वाचवायला आणि झाडाला माणसापासूनही.

सकाळी अकरा

तोडणी आटोपून बायका बांधाकडे वळल्या. बांधावर गाजरगवत.

काट्यापेक्षा मला या गवताची धास्ती जास्त वाटते. १९५० च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता देशभर आहे. त्यातल्या पार्थेनिनमुळे कातडीला ॲलर्जी होते, आणि ती पहिल्याच दिवशी होईल असं नाही. वर्षानुवर्षं उपटून काही न झालेल्या माणसाला एखाद्या हंगामात अचानक हात, मान, पापण्यांवर खाज सुटते. एकदा ती आली की पुढे नुसत्या उडणाऱ्या परागकणांनीही त्रास होतो. म्हणून ‘आमाला काय होत न्हाई’ हे वाक्य इथे पुरावा म्हणून धरता येत नाही. गवत फुलावर येण्याआधी उपटायचं, आणि उपटताना मोजे घालायचेच.

मी हिरवे मोजे वाटले. बायकांतल्या थोरल्या अक्कांनी एक घातला, पंजा हलवून दाखवला. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती.

“दादा, हे गड्याच्या मापाचं हाय. गवत धरलं की मोजाच निघून येतोय बघा.”

आणि बांगड्या. काचेच्या बांगड्यांवरून रबरी मोजा चढत नाही. बळं ओढला तर मोजा फाटतो नाहीतर बांगडी फुटते. बांगड्या काढा असं मी कुणाला सांगणार नाही, आणि सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. शेवटी मनगटाच्या खाली संपणारे आखूड मोजे आणि वर तोच पायमोजा, अशी जोडणी अक्कांनीच काढली.

दुपारी एक

ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. जेवणानंतर काटे काढण्याचा कार्यक्रम. पदराची सेफ्टी पिन, कुणाची तरी चांगली नजर, आणि सल्ले भरपूर. टोक खोल असेल तर रुईचा चीक लावायचा, म्हणजे काटा आपोआप वर येतो, अशी इकडची समजूत. मी तो लावू देत नाही. तोच हात डोळ्याला लागला तर चिकानं डोळ्याला इजा होते.

बोटाच्या सांध्यात शिरलेल्या काट्याला हलकं समजू नये. तुकडा आत राहिला तर सांधा महिनोन्महिने सुजून राहतो आणि वरून जखम दिसतही नाही. अशा बोटाला पिन न लावता डॉक्टर गाठायचा. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायला हवी, पण रानात ती गंजका खिळा लागल्यावरच आठवते. काट्याबरोबरही मातीच आत जाते.

दुपारी तीन

छाटणी झाली की उघड्या कापांवर बोर्डो मिश्रण. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, वेगवेगळे भिजवून, मग एकत्र. पिंप प्लास्टिकचं, लोखंडाचं चालत नाही. मिश्रण जमलं का हे बघायला त्यात लोखंडी सुरी किंवा खिळा बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, आणखी चुना हवा. कळीचा चुना विझताना उकळतो, शिंतोडा उडाला तर चटका बसतो. इथे कापडी मोजा नसलेला बरा. तो द्रावण पितो आणि कातडीला धरून ठेवतो. रबरी किंवा नायट्राइलच, तोही आधी पाण्यानं भरून गळतोय का ते बघून.

संध्याकाळी साडेचार

ऊन उतरलं, वारा पडला, एचटीपी पंप सुरू झाला. फवारणीवाला शेजारच्या गावचा, पोरसवदा. गॉगल नाही, तोंडाला रुमाल. आज बोर्डोच आहे, पण हाच पोरगा हाच पंप घेऊन तालुकाभर कीटकनाशकंही मारत फिरतो. अलीकडे सांगोला-आटपाडीकडे खोडकिडीनं बागाच्या बागा काढायची वेळ आली, तेव्हापासून फवारे वाढलेत.

काटा टोचला की माणूस लगेच हात मागे घेतो, दुसऱ्या दिवशी आपणहून मोजा मागतो. औषध टोचत नाही. ते कातडीतून गुपचूप आत जातं, आणि डोकं दुखलं, मळमळलं तर दोष उन्हाला जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा माझ्या कानावर आलेलं बहुतेक बोलणं नाकातोंडातून गेलेल्या विषाचं होतं. हात आणि भिजलेले कपडे यांबद्दल मी त्या मानानं कमी ऐकलं. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपडे, हातमोजे सगळं लिहिलेलं आहे. बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोणही असतो. लाल सर्वांत जहाल. त्रिकोण बघणारे मी मोजकेच पाहिलेत.

आता बारीक गोष्ट. झाडाच्या शेंड्याकडे गन वर धरून मारताना पाणी हातावरून कोपराकडे ओघळतं. त्या वेळी बाही मोज्याच्या आत हवी आणि मोज्याची कड बाहेर दुमडलेली, म्हणजे ओघळ तिथेच अडतो. खाली बुडाशी मारताना उलट, बाही मोज्यावर. मी पोराला हे दाखवलं. तो हसला, पण कड दुमडली.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण बोललो. लघवीला जाण्याआधी हात धुवायचे. हाताच्या कातडीतून जितकं औषध आत जातं, त्याच्या कितीतरी पट जांघेच्या नाजूक कातडीतून जातं. मागून अक्का मोठ्यानं म्हणाल्या, “ऐक की लगा, दादा खरं सांगत्यात!” पोराचे कान लाल झाले.

संध्याकाळी सहा

काम संपलं. मोजे हातात असतानाच साबणानं धुवायचे, मग काढायचे, मग पुन्हा हात धुवायचे. आधी मोजे काढले की उघड्या बोटांनी मोज्याच्या बाहेरच्या बाजूलाच धरावं लागतं, म्हणजे दिवसभर जे टाळलं ते शेवटच्या मिनिटाला अंगाला लागतं. धुतलेले मोजे उलटे करून तारेवर, औषधाच्या खोलीपासून लांब.

तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राला फोन लावला, बायकांच्या मापाचे मोजे आहेत का म्हणून. दुकानदार म्हणाला, मोजे एकाच मापाचे येतात, मागणीच नाही. मी म्हटलं, मागणी करतोय की. पंधरा जोड लिहून घे, आखूड, लहान पंजाला बसणारे.

रात्री साडेसात

हजेरी लिहिली, उक्त्याचे पैसे दिले. फवारणीवाला पंप गाडीला बांधत होता. उद्या त्याला दुसऱ्या बागेत पिवळ्या त्रिकोणाचं औषध मारायचंय, हे त्यानंच सांगितलं. मी म्हटलं, हे नायट्राइलचे मोजे घेऊन जा.

“ऱ्हाऊ द्या. तिथलं मालक देतील की.”

तिथला मालक मला चांगला माहीत आहे. मी मोजे त्याच्या गाडीच्या डिकीत टाकले, सोबत साबणाची वडी टाकली, आणि परवा दोन्ही वस्तू दाखवायला ये, तरच पुढची फवारणी तुला, असं सांगून टाकलं.